मात्रा संपल्या तेव्हा

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वहीवर संपादकांनी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या पाहिल्या, तेव्हा मी एवढी संतापले की नागपूरच्या सीताबर्डीतल्या छापखान्यातून टांगासुद्धा न करता तरातरा घरी चालत आले. उन्हाळ्याचे दिवस. घरी पोचेपर्यंत डोके तापले होते, ते उन्हाने की रागाने हे सांगता येणार नाही.

पुस्तक आईच्या गोष्टींचे होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आईला अक्षरओळखही नव्हती. पण संध्याकाळी अंगणात बाज टाकून ती माहेरच्या-सासरच्या गोष्टी सांगू लागली की शेजारणी चुलीवरची भाजी विसरून बसायच्या. त्या गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या. आईची अट एकच होती.

"लिहिशील तं माह्या तोंडचं लिहिजो वं. नाही तं राहू दे."

मी शब्द दिला. मधले वर्णन माझ्या शाळेतल्या मराठीत आणि बोलणे सगळे आईचे, असे ते लिखाण झाले.

संपादक मूळचे पुण्याचे. निवृत्त हेडमास्तर. मुलाची सरकारी नोकरी इकडे, म्हणून नागपुरात आलेले, आणि प्रकाशकाने त्यांना छापखान्याच्या वरच्या खोलीत बसवलेले. माणूस सज्जन, पण भाषेच्या बाबतीत भारी सोवळा. त्यांनी 'मले'चे 'मला', 'तुले'चे 'तुला' आणि 'काहून'चे 'का' करून टाकले होते. एके ठिकाणी आई म्हणते, 'मी वडीत सांबार भरून राहिली होती.' आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. समासात लाल शाईत प्रश्न होता, 'सांबर हे जंगली जनावर वडीत कसे मावावे? खुलासा व्हावा.' याचे मला हसू आले, पण तेही दुसऱ्या दिवशी.

छापखान्यातली रीत अशी होती. खाली जुळारी शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायचा आणि कच्चा छाप काढायचा. तो तपासायला वर संपादकांकडे जायचा, तिथून लेखकाकडे, आणि पुन्हा खाली. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबे देऊन समासात 'कायम' असे लिहायचे. हे कळल्यावर मी 'कायम' लिहिण्याचा सपाटाच लावला. संपादकांनी माझे 'कायम' खोडले. मी ते परत लिहिले. तिसऱ्या खेपेला जुळारी कागद घेऊन स्वतः वर आला. तो आमच्याच गावचा.

"बाई, तुमच्या भांडनात माह्या बोटाचं कातडं गेलं," तो म्हणाला. "मले तं तुमच्या आईचंच बोलनं गोड वाटते. पन मले कोन इचारते?"

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मला तुमच्या मातोश्रींशी वैर नाही. पण हे पुस्तक मुंबई-पुण्यात वाचले जाईल. लोक त्यांना अडाणी समजतील. ते मला नको आहे."

इतके दिवस मी त्यांना आखडू समजत होते, आणि त्यांना काळजी होती ती आईच्या मानाची. मग तेच म्हणाले, "रविवारी घरी येऊन मी त्यांना दोन्ही वाचून दाखवतो. त्यांना पटेल ते छापू."

म्हणजे मी दिलेला शब्द राहणार की जाणार, हे आता आईवरच आले. आई भिडस्त. पाहुण्याचे मन मोडायचे नाही म्हणून ती 'मला-तुला'लाच मान डोलावेल, या धास्तीने रविवारी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

ते आले. आई पदर सावरून भिंतीशी बसली. त्यांनी खणखणीत आवाजात आपले पान वाचले. नवी नवरी चुलीपाशी रडत बसली आहे आणि सासू तिला विचारते, 'का रडते आहेस गं?'

"छान हाय," आई म्हणाली. गेला माझा शब्द, असे मला वाटले. पण जरा थांबून तिने विचारले, "पन हे बाई कोन हाय, मास्तर? माही सासू तं मले इतक्या मायेनं कधीच नाही बोलली."

संपादकांनी माझी वही उघडली आणि जपून जपून वाचले, "काहून रडून राहिली वं?"

आई खुदकन हसली. "तसं नाही, मास्तर. जरा करकरून म्हना."

त्यांनी पुन्हा म्हटले. आईने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी असा काही आवाज लावला की आमच्या घरात कोण कोणाला रागावते आहे हे पाहायला शेजारीण धावत आली. मग आम्ही चौघेही इतके हसलो की त्यांना उपरण्याने डोळे पुसावे लागले. आईने त्यांच्यापुढे वड्यांची ताटली ठेवली. त्यांनी एक वडी मोडली आणि आतले हिरवे सारण पाहत राहिले.

"ही तर कोथिंबीर!"

"सांबार," आई म्हणाली.

त्यांनी खिशातून लेखणी काढून तिथल्या तिथे समासातले जनावर खोडले.

आमची मात्रा लागू पडली, आईचे सगळे 'मले-तुले' परत आले, पण छापखान्यातल्या मात्रा संपल्या. 'ला'ला काना लागतो आणि 'ले'ला मात्रा, आणि दोन्हींचे खिळे वेगवेगळ्या खणांत. आठवडाभरात जुळारी रिकामा खण हातात घेऊन वर आला. "साहेब, मात्रा सरल्या. काने पडून हायेत ढीगभर." शेवटी असे ठरले की चारच पाने जुळवायची, छापायची, खिळे धुऊन खणात टाकायचे आणि मग पुढची चार घ्यायची. पावसाळ्याआधी निघायचे पुस्तक बाजारात संत्री आली तरी निघेना. प्रकाशक कुरकुरले. मला मात्र खण रिकामा झाल्याचा इतका आनंद झाला होता की मी शाळेत वाटायला पेढे नेले.

प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका सगळ्यांत शेवटी छापतात. त्यांचा कच्चा छाप हातात आला तो मी मोठ्या ऐटीत आईला वाचून दाखवला. 'ती. आईस' असे अर्पण होते, आणि पुढे दोन पाने आईविषयी. आईने सगळे ऐकून घेतले.

"हे त्या मास्तरानं लिहिलं काय?"

"नाही वं आई, मीच लिहिलं."

"असं काय," ती म्हणाली. "छान हाय."

हे 'छान हाय' मी आधी ऐकले होते. फार लागले मला. आईच्या मात्रांसाठी मी भांडभांड भांडले आणि माझ्या स्वतःच्या तोंडच्या मात्रा मीच, कुणी न सांगता, काढून टाकल्या होत्या. घरात मी तिच्याशी 'तुले चहा देऊ काय' असेच बोलत होते की!

'आईस' खोडून मी 'आईले' लिहिले आणि कागद वर नेला. संपादकांनी तो घेतला आणि सवयीने 'ले'वर काट मारली. मी भांडायला तोंड उघडणार, तोच ते थांबले. माझ्याकडे पाहिले. मग 'ले'खाली एकेक टिंब दिले आणि समासात लाल शाईने लिहिले, 'कायम'.

पुस्तक घरी आले त्या दिवशी आई संत्रे सोलत होती. पहिले पान उघडून मी तिला तो एकच शब्द वाचून दाखवला.

तिने सोललेली फोड माझ्या हातावर ठेवली. "आता कसं वं!" ती म्हणाली.