पत्रेवाले चाचा

पाठीमागून कुणी काही विचारलं तर पत्रेवाले चाचा उत्तरच देत नसत. द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या शेडमध्ये भलेभले ट्रकमालक मागे उभे राहून घसा खाकरत, आणि चाचा आपले पत्रा ठोकत बसलेले. फारच झालं तर मान वळवून म्हणत, "समोर या, मग बोला." माणूस शिष्ट आहे असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तो अण्णांचा ट्रक घेऊन. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपळगावचा कांदा वाहण्यात त्यांनी या गाडीवर उभी हयात काढली. ते गेल्यावर गाडी दोन-तीन पावसाळे उघड्यावर उभी राहिली आणि गंजाने केबिन पोखरली. धाकटा भाऊ म्हणाला, या खेपेला आरटीओचं पासिंग झालं तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. चाचांनी गाडीभोवती फेरी मारली आणि स्वतःचा खांदा दाखवला. तो आता चालत नव्हता. ते सांगणार, मी करायचं, असं ठरलं. मी शाळेत चित्रकला शिकवणारा. हातोडा फक्त खिळ्यापुरता माहीत. पण मे महिन्याची सुट्टी होती आणि गाडी मला घालवायची नव्हती.

चाचांची तपासायची रीत ठरलेली. डावा तळवा पत्र्यावर सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताचं वाकवलेलं बोट शेजारी वाजवायचं. "चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला बद्द. रंगावर जाऊ नको," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी मान डोलावली आणि रंगावरच गेलो.

दारावर अण्णांनी माझं घरातलं नाव रंगवून घेतलं होतं, 'बाळू'. मी सभोवारचा गंज कापला आणि नाव तेवढं मधे बेटासारखं ठेवलं. नवा पत्रा त्याला जोडायला गेलो की वेल्डिंगने भोकच पडायचं. तीनदा पडलं. "नाव वाचवायला बघशील तर दरवाजा जाईल," चाचा म्हणाले. शेवटी कापलं. तुकडा हातात आला आणि त्याचा भुगा झाला. पत्रा केव्हाच संपला होता, नुसत्या रंगाने नाव धरून ठेवलं होतं. मला रडू आलं, आणि चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पासिंगच्या आदल्या दिवशी चाचा अख्खी केबिन वाजवत निघाले. पायदानाच्या वर आवाज बद्द आला. तिथे मी सुरुवातीला आळस करून गंजावरच नवा पत्रा चढवला होता, दुहेरी. चाचांचा हात मात्र पुढे सरकला. वरून कुणालाच काही दिसलं नसतं. गप्प बसलो असतो तर गाडी उद्या पास होती. मी त्यांच्या मागे उभा होतो. "चाचा, इथे बद्द वाजतंय," मी म्हणालो. ते वाजवत पुढे गेले. पुन्हा मोठ्याने म्हणालो, तरी नाही. मग मला कळलं. पुढे होऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सावकाश तेच सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"हातोड्याने कान खाल्ले, भाऊ," ते हळूच म्हणाले. "हाताला कळतं तेवढ्यावर चालवतो. दुहेरी पत्रा हाताला फसवतो. लोकांना समजलं तर गाडी कोण देईल? पण तू गप नाय बसला. आता उद्याचं राहू दे. काप ते."

कापलं. तारीख हुकली, भावाने चार दिवस तोंड फुगवलं, मग त्यानेच पुढची तारीख घेतली आणि गाडी पास झाली. चाचांचं गुपित मी ते असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मला त्यांची फार आठवण येते.

गाडी अजून पिंपळगावला जाते. दारावर नाव नाही. आणि वर्गात हाक मारूनही एखादं पोर वळलं नाही, तर पूर्वी मी ओरडायचो. आता आधी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो.