महिपतीच्या परसातली भाजी

त्या मे महिन्यात अंबरनाथच्या आमच्या चाळीत प्यायला पाणी नव्हतं, आणि महिपतीच्या परसात मात्र भेंडी, गवार, दोडकी उतू चालली होती. रंगाच्या कंपनीत वीस वर्षं पिंपं हलवून तो घरी बसला होता. कंपनीने त्याला काय दिलं? एक खोकला. आणि नाक मारून टाकलं. अगरबत्ती आणि गटार त्याला सारखंच. नवं काम कोणी देईना, चार माणसांत बसायचीही लाज वाटायला लागली, तेव्हा त्याने परस खणायला घेतलं. भेंडीला पहिलं फूल आलं त्या दिवशी तो दोन वर्षांनी गुणगुणला. त्याची बायको सुंदराबाई घरात चोरून रडली.

पहिल्याच तोडणीला भाजी इतकी आली की घरी शिजवण्याआधीच तिने चाळभर वाटली. मग शेजारची सुहासिनी गवार परत घेऊन आली.

"वहिनी, राग मानू नका. शिजताना कसलातरी वास मारते."

फुकटचं मिळालं की नखरे सुचतात, असं म्हणत सुंदराबाईने त्याच दुपारी लोखंडी तवा चढवला. तेलात लसूण, मिरची टाकली, वर सगळी भाजी एकत्र चिरून घातली, पाण्याचा थेंब न घालता झाकण ठेवलं. दोडक्याला पाणी सुटलं तसं तिने झाकण काढलं आणि वाफ तोंडावर आली.

हा वास तिच्या ओळखीचा होता. वीस वर्षं नवऱ्याच्या शर्टातून तो तिने दगडावर आपटून काढला होता.

महिपती ताट घेऊन बसलाच होता. तिने भाजी वाढली खरी, पण ताट त्याच्यापुढे सरकवलं नाही.

"अहो, झाडांना पाणी कुठलं घालता?"

"कंपनीमागच्या नाल्याचं. पहाटे डबे भरून आणतो. नितळ आहे, तळ दिसतो. नळावर बायकांच्या लायनीत कोण उभं राहणार?"

"वास येतो भाजीला. कंपनीचा."

त्याने ताट उचलून नाकाशी धरलं. लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"सगळ्यांना येतो?"

"सगळ्यांना."

त्याने परसाकडे पाहिलं. मग त्याने भाकरी मोडली. सुंदराबाईने झटकन त्याचं मनगट धरलं.

"नका खाऊ. विष आहे ते."

"असू दे. मला कुठे वास येतोय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली असती, तवा गटारात पालथा केला असता, झाडं उपटून टाकली असती. पण या माणसाकडून काढून घ्यायला आता तेवढंच उरलं होतं. तिने मनगट सोडलं.

महिपतीने सगळी भाजी संपवली आणि आणखी मागितली.