मागे कोणी राहिलंय का?

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हते, कारण मामा ओरडणार. पण राहवेना.

आमच्या डोंगरात दरवर्षी दीडशे किलोमीटरची सायकल शर्यत होते. माझा मामा सायकली दुरुस्त करतो आणि शर्यतीत मुद्दाम सगळ्यांच्या मागे असतो. वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या लाल फिती सोडत यायचं, हे त्याचं काम. पण प्रत्येक फीत सोडण्याआधी तो मागे वळून हाक मारतो, "कोणी राहिलंय का रे?"

"मामा, शेवटचा तर तूच! मागे काय भूत येणारे?" मी परवा विचारलं.

तो हसलाच नाही. "पहिल्या वर्षी एक जण ट्यूबचं भोक शोधायला ओढ्यावर उतरला होता. मला दिसलाच नाही गं. मी फिती सोडत पुढे. बिचारा पाच तास भटकला."

आता मामाच्या गुडघ्याने संप पुकारलाय. शर्यत पुढच्या महिन्यात, आणि मागे राहायला कुणी तयार नाही, सगळ्यांना जिंकायचंय! "मग जाईन लंगडत," म्हणतो. सायकल चालवता ना? मग प्लीज, याच आठवड्यात कॉलेजमागच्या त्याच्या दुकानात जा आणि भेटा त्याला.