मायच्या जागी म्युझिक

माझ्या धाकट्या भावाकडे आमच्या मायच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंग होतं. ते त्यानं जपून ठेवलंय असं मी चार वर्षं समजत होते. मी समजत राहिले हा माझा मूर्खपणा आणि तो तसं सांगत राहिला ही त्याची लबाडी. दोन्ही सांगणार आहे, पण आधी तो व्हिडिओच्या धंद्यात कसा पडला ते सांगते, कारण त्याला त्या वाटेला मीच लावलं.

आमच्या लहानपणी किन्हीराजात, आमच्या गावी, टीव्ही मोजक्या घरांत होते. आठवड्यातून एकदा सिनेमाची गाणी लागायची आणि आम्ही दोघं शेजारच्यांच्या दाराशी जाऊन बसायचो. पुढे सीडी आल्या. बसस्टँडवरच्या टपरीत वऱ्हाडी गाण्यांचे अल्बम टांगलेले दिसायला लागले. सगळ्या अल्बमची गोष्ट एकच: धरणाची भिंत, तिच्यावर पिवळ्या साडीतली पोरगी आणि मागून पळणारा गॉगलवाला. दर कडव्याला साडीचा रंग वेगळा. माय म्हणायची, "हिले घरी काम नाही काय? एका गाण्यात किती लुगडे बदलवून राह्यली."

मायला वाटायचं, पडद्यावर जी दिसते तीच गाते. एकदा गावच्या तलावावर अशाच एका अल्बमचं शूटिंग आलं, तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. जीपवरच्या स्पीकरमधून गाणं वाजत होतं आणि पोरगी नुसतं तोंड हलवत होती. मायनं बराच वेळ इकडंतिकडं बघितलं. "गाणारी कुठं हाये?" तिनं विचारलं.

भाऊ तेव्हा नववीत होता. "ती कायले लागते इथं, माय? ती केव्हाच गाऊन गेली."

"मंग तिले जेवू तरी घातलं काय?"

भाऊ हसला. मीही हसले. पण मायचा प्रश्न खरा होता. आमच्याकडे हळदीला गाणारी बाई जेवल्याशिवाय मांडवातून उठत नाही, तिला उठूच देत नाहीत. माय आयुष्यभर गात आली होती आणि कुठल्याच मांडवातून उपाशी आली नव्हती.

भावाला त्या दिवसापासून कॅमेऱ्याचं वेड लागलं. बाबांना ते पसंत नव्हतं. तेव्हा मी मध्ये पडले, दोन दिवस अबोला धरला आणि त्याला वाशीमच्या एका स्टुडिओत शिकायला पाठवलं. काही वर्षांत त्यानं तिथंच स्वतःचं दुकान टाकलं. लग्नाची सीडी तेव्हा सिनेमातल्या गाण्याला मागं टाकायची. नवरीचा चेहरा कमळातून वर यायचा आणि ज्यानं अकोल्यापलीकडे पाय टाकला नाही तो नवरदेव बर्फाच्या डोंगरासमोर उभा असायचा. माझ्या लग्नाची सीडी भावानंच मिक्स केली. बाबा मला निरोप देताना रडतायत आणि वर कुठलंसं नाचाचं गाणं वाजतंय. मांडवातल्या बायांची गाणी त्यात एकही नव्हती. "बायाचा आवाज माइकवर फाटते, ताई," तो म्हणाला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला तर त्याचं कौतुक होतं.

सीडी गेली. मग मोबाईलच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळायला लागली, पुढे सगळं नेटवर आलं आणि आता अर्ध्या मिनिटाचे उभे व्हिडिओ. दर बदलाला भाऊ पहिल्या दिवसापासून हजर. या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही.

आता आमचं गाणं. हळदीत मी विचारायची, "हळद घेऊन कोण कोण आलं?" आणि उत्तर माय द्यायची. उत्तर दर लग्नाला नवं, कारण त्यात त्या घरची माणसं यायची. 'रिसोडचा मामा आला, त्याले सावलीत बसवा.' 'मोठी आत्या रुसून आली, तिच्या हाती वाटी द्या.' जिचं नाव राहील ती वर्षभर बोलायची नाही, म्हणून माय आदल्या दिवशीच घरात कोण कोण आहे ते विचारून ठेवायची. प्रश्नाला काय लागतं, तो कोणीही विचारेल. गाणं मायच्या उत्तरांत होतं.

तिचं दुखणं वाढलं त्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेले, तर भाऊ माइक घेऊन आलेला. "मायचे गाणे जपून ठेवू," तो म्हणाला. मला भरून आलं. आम्ही पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि मायच्या पाठीशी उशा दिल्या. मी विचारत गेले, ती सांगत गेली. तिनं गेलेली माणसंही घेतली, बाबा घेतले. मध्ये खोकली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू झाली. शेवटी माझ्याकडे बघून, माझ्या सासरच्या गावाचं नाव घेत म्हणाली, "रिठदची लेक आली, तिले दारात उभी ठेवू नोका." हे तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात माय गेली.

दर भाऊबीजेला ओवाळताना मी भावाला तेवढंच मागायची. "हार्ड डिस्कवर हाये, देतो," तो म्हणायचा. धंद्याचा माणूस, विसरतो, असं म्हणून मी त्याला पाठीशी घालायची.

गेल्या वर्षी रिठदला, माझ्या सासरी, शेजारच्या मुलीची हळद होती. मी सुरुवात केली, तर एक पोरगी म्हणाली, "काकू, हे तं व्हिडिओतलं गाणं. थांबा, ओरिजिनल लावतो." तिनं मोबाईल स्पीकरला जोडला. सूर्यफुलाच्या वावरात पिवळ्या लहंग्यातली एक कोवळी पोरगी तोंड हलवत होती आणि आवाज माझा होता. दुडक्या चालीवर पळवलेला, पण माझाच. "हळद घेऊन कोण कोण आलं?" तिनं विचारलं, आणि मायनं उत्तर द्यायचं तिथं कीबोर्ड वाजला. पोरगी तेवढ्यात दोन गिरक्या घेऊन मोकळी झाली. पुन्हा प्रश्न, पुन्हा कीबोर्ड. शेवटी पाटी आली: 'गीत: पारंपरिक.' खाली भावाच्या दुकानाचं नाव.

"काकू, तुमचा आवाज अगदी तिच्यावानी हाये," ती पोरगी कौतुकानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी वाशीम गाठलं. भावानं हसत खुर्ची पुढे केली. "पाह्यलं काय, ताई? यंदाच टाकलं, लय चालून राह्यलं."

"मायचा आवाज कुठं हाये?"

"फाटला होता ना तो. मंधात खोकला. अन् मामा आला, आत्या आली, हे कोण ऐकते? लोकं बोटानं पुढं सरकवते."

"अन् पारंपरिक म्हंजे कोण? मी जिती हाये अजून."

"तुहा चेहरा मोबाईलवर आला असता तं भाऊजी काय म्हणले असते? तुह्यासाठीच तं पोरगी घेतली," तो म्हणाला. मग त्याला जोर आला. "अन् गाणं तुहं कुठं होतं? तू मायपासून घेतलं, मायनं तिच्या मायपासून. तुमी बाया एकमेकीचे गाणे नेतच राह्यता."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. "नेते ती आपली माणसं घालते," मी म्हटलं. "तू होते ते माणसं काढून टाकले."

तो कॉम्प्युटरकडे वळला. मी म्हटलं, "ते जाऊ दे. मले मूळचं दे. मायचं."

"ते नाही आता." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "माहं म्युझिक लावून झालं अन् बाकीचं पुसलं. लग्नसराई होती, जागा पाहिजे होती."

"कवा?"

"तवाच. माय होती तवाच."

म्हणजे माय खाटेवर होती तेव्हाच तो तिला पुसून मोकळा झाला होता. आणि पुढची चार वर्षं मी त्याला टिळा लावत होते, तो ताटात ओवाळणी टाकून 'देतो' म्हणत होता. तिथं द्यायला काहीच नव्हतं. काम बिघडलं असतं, चुकून उडालं असतं, तर मी रडून गप्प बसले असते. पण त्यानं मला वाट बघायला लावली. ते मी त्याला माफ केलेलं नाही.

"व्हिडिओ हाये ना, ताई," तो म्हणाला. "तो कुठं जात नाही."

भाऊबीजेला मी अजून जाते. न जाऊन लोकांना काय सांगू? पण काही मागत नाही. तो जेवायला थांबवतो, मी थांबत नाही.

यंदा रिठदलाच दुसऱ्या एका हळदीत पोरींनी मला बसवून घेतलं. मायची उत्तरं आता आपणच द्यायची असं ठरवून मी त्या घरची सगळी माणसं विचारून ठेवली होती. मायच्या संथ चालीत विचारलं, "हळद घेऊन कोण कोण आलं?" आणि मी मामाचं नाव घेणार तोच पोरींनी एका सुरात, तोंडानं, तो कीबोर्ड वाजवला. एकही मात्रा न चुकता. त्यांच्या लेखी गाणं तसंच होतं. मी थांबले, पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच वाजवलं.