चहाच्या आधी काय घेता?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसांच्या पोटात रोज काय काय जातं, याची खडान्‌खडा माहिती जगात एकाच व्यक्तीला होती आणि ती व्यक्ती आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, पांढऱ्या साडीत वावरत होती. आम्ही त्यांना थोरल्या सिस्टर म्हणायचो. नव्वदच्या दशकात नर्सिंगचा कोर्स संपवून मी त्या वॉर्डात लागले, तेव्हा त्यांच्या नोकरीला पंचवीसेक वर्षं झाली असावीत. उंची बेताची, आवाज मात्र असा की जिन्यात बिडी ओढणारा नातेवाईक तो ऐकून बिडी विझवायचा आणि मग आपल्याला कुणी हाक मारली का हे बघायचा.

पेशंट भरती झाला की आम्ही फॉर्म भरायचो. त्यात ‘इतर औषधे’ असा एक रकाना असे. ‘दुसरं काही औषध घेता का?’ या प्रश्नाला शिरोळपासून कागलपर्यंत एकच उत्तर यायचं, ‘न्हाय.’ थोरल्या सिस्टरांचं म्हणणं, पेशंट खोटं बोलत नाही, प्रश्नच चुकीचा आहे. काढा हे औषध नव्हे, तो काढा. चूर्ण हे चूर्ण. जावेच्या बहिणीनं पुण्याहून आणलेल्या कॅप्सूल हे टॉनिक. म्हणून त्या असलं काही विचारायच्याच नाहीत. पेशंटच्या उशाशी उभ्या राहून, गावाकडची चौकशी करावी तशा म्हणायच्या, “मावशी, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी काय घेता?” आणि मग धबधबा सुटायचा. मेथ्या भिजवून घेते, कोरफडीचा गर घेते, पोट साफ व्हायला एक चूर्ण, भावानं दिलेली एक मुळी उगाळून. सिस्टर मान हलवत सगळं ऐकायच्या, कुणाला हसायच्या नाहीत, रागवायच्या तर मुळीच नाहीत. रागवायचा सगळा साठा त्यांनी आमच्यासाठी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवलेला होता.

त्यांचं नाक हा वॉर्डातला सगळ्यात भरवशाचा तपास होता. एकदा राउंड घेताना दारातच थांबून म्हणाल्या, चार नंबरच्या बाईनं टाक्यांवर काहीतरी लावलंय. आम्ही ड्रेसिंग उघडलं तर आत वाटलेला पाला. बाईच्या आईनं दुपारी सगळ्यांची नजर चुकवून पट्टी सोडली होती, पाला लावला होता आणि पट्टी आमच्यापेक्षा नीट बांधून ठेवली होती. सिस्टरांनी जखम धुतली, आईला बाहेर नेलं आणि पट्टी बांधण्याबद्दल आधी तिचं कौतुक केलं. नंतर काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण त्या आईनं पुढचे आठ दिवस लेकीच्या जखमेवर माशीसुद्धा बसू दिली नाही.

आमच्या मोठ्या सर्जनांचे वडील एकदा चक्कर येते म्हणून तपासणीला आले. निवृत्त हेडमास्तर, साखरेची गोळी चालू. मुलानं खात्रीनं सांगितलं की बाबा दुसरं काहीही घेत नाहीत, अशा गोष्टींवर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. सिस्टरांनी खाली ओपीडीत जाऊन हेडमास्तरांना चहाच्या आधीचा प्रश्न विचारला. कारल्याचा रस निघाला, जांभळाच्या बियांची पूड निघाली, आणि सुनेनं गुपचूप आणून दिलेली मधुमेहाची एक पावडर निघाली. गोळी साखर उतरवत होती आणि बाकीची मंडळी तिला मदत करायला धावत होती. सर्जन तिथंच उभे होते. सिस्टर त्यांना एवढंच म्हणाल्या की घरच्या माणसाचा फॉर्म घरच्या माणसानं भरू नये.

हे सगळं हॉस्पिटलात संपत नसे. पेठ वडगावच्या बाजारात जडीबुटीचं दुकान मांडून बसलेल्या एका माणसाला त्यांनी विचारलं होतं, ही पूड बीपीच्या गोळीबरोबर चालंल का? तो म्हणाला, बिनधास्त घ्या. झालं. बाजार उठेपर्यंत सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसून, कोणत्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं ते त्याला शिकवत होत्या. त्यानंतर म्हणे ही साडी लांबून दिसली तरी तो माल झाकायचा. तसा त्यांचा घरगुती औषधांशी दावा नव्हता. हळदीचं दूध, ओव्याचा शेक, तेलाची मालीश यांना त्यांची पूर्ण परवानगी असे. आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीलाही त्या तेवढ्याच संशयानं बघत. “पोटाला ही कुठल्या बाटलीतनं आली ते कळत न्हाय,” त्या म्हणायच्या.

पेशंटकडं सापडलेली प्रत्येक गोष्ट त्या एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. प्रत्येक पुडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: नाव, पलंग, किती दिवस घेते, शेवटची कधी घेतली. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यातलं काही फेकायचं नाही, असा नियम होता. आम्हा नव्या मुलींना तो डबा म्हणजे निव्वळ पसारा वाटे. त्याला वास यायचा, मुंग्या लागायच्या, आणि चिठ्ठ्या लिहीत बसायचं काम आमच्याकडं असायचं.

भाचीच्या लग्नासाठी सिस्टर दोन दिवस रजेवर गेल्या, तेव्हा शिरोळकडची एक आजी भरती झाली. घरात घसरून मनगट मोडलेलं, ऑपरेशन करायचं होतं. अंथरूण घालताना उशीखाली कागदाच्या दहा-बारा पुड्या मिळाल्या. राखाडी पूड, नाव नाही, गाव नाही. मी त्या उचलल्या आणि कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. फॉर्मवर ‘इतर औषधे’च्या पुढं ‘नाही’ लिहिलं. वॉर्ड स्वच्छ ठेवल्याचं समाधानही वाटलं.

तिसऱ्या दिवशी आजीला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती हाक मारली तरी डोळे उघडेना, बीपी खाली खाली जायला लागलं. सलाइन चालू होतं, डॉक्टर कुठं जंतुसंसर्ग आहे का ते शोधत होते, ऑपरेशन पुढं ढकललं होतं. सून पायथ्याशी बसून सासूचे तळवे चोळत होती. तेवढ्यात सिस्टर रजेवरून आल्या. हातावरची मेंदी तशीच. त्यांनी आधी आजीचा चेहरा पाहिला. हातपाय काटक्या, आणि चेहरा मात्र चंद्रासारखा गोल. दंडावरची कातडी कागदासारखी, तिच्यावर जांभळे डाग. मग सुनेला विचारलं, आजी चहाच्या आधी काय घेते?

सून म्हणाली, “गुडघ्याची पुडी. एका दिसात गुण आलता बघा. थोरल्याच्या बारशापासनं चालू हाय.” तिचा थोरला मुलगा आता आठवीत होता.

सिस्टरांनी उशी उचलली. खाली काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी सांगितलं, मी टाकल्या. बादली केव्हाच रिकामी झाली होती.

त्या वळून सरळ डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टर तरुण होते, त्यांना वाटलं सिस्टर नेहमीप्रमाणे पुडीवर राग काढताहेत. म्हणाले, पुडीनं बीपी असं पडतं होय?

“पुडीनं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पुडी बंद केल्यानं. झाडपाला एका दिवसात गुडघा मोकळा करत नाही, डॉक्टर. त्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार; तिचा सुजलेला गोल चेहरा बघा. शरीरानं आपलं स्टेरॉइड आपण बनवणं कधीच सोडलंय, आणि आम्ही बाहेरचं तोडलं.”

डॉक्टरांनी पलंगाशी येऊन आजीचा चेहरा नीट पाहिला. तपासणीसाठी रक्त घेऊन त्यांनी रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइडचं इंजेक्शन लिहिलं. सिस्टरांनी ते स्वतः दिलं. मग पट्टा आजीच्या दंडाला बांधून, स्टुलावर बसून, दर थोड्या वेळानं बीपी घेत राहिल्या. प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगायच्या आणि मी लिहायचे. पहिले चार आकडे हललेच नाहीत. पाचवा थोडा वर आला. संध्याकाळी चहाची किटली फिरली तेव्हा आजीनं डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, “म्हशीला कुनी वैरण घातली का न्हाय?”

सिस्टरांनी मला रिपोर्ट बुकात लिहायला लावलं: पुड्या कुणी टाकल्या, केव्हा टाकल्या, आणि खाली सही. मग आजीलाही सांगायला लावलं. मी खाली मान घालून सांगितलं. आजी म्हणाली, “मग बोलायचं की गं पोरी. मी म्हनलं उंदरानं न्हेल्या.” पुडी अशी एकदम सोडायची नाही, डॉक्टर सांगतील तसा डोस थोडा थोडा कमी करायचा, हे सिस्टर तिला समजावत बसल्या. तीच गोष्ट तीनदा, तितक्याच शांतपणे.

ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बोलणी खायची तयारी ठेवून मी उभी होते. सिस्टर मेंदी लागलेले हात साबणानं पुन्हा पुन्हा धूत होत्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, “तुझी बाई उठली. मी जिच्या पुड्या टाकल्या, ती उठली नव्हती.”

मग त्यांनी तिचं नाव सांगितलं. गाव, पलंगाचा नंबर, किती मुलं होती तेही. तेव्हा त्या माझ्याएवढ्याच होत्या; पुड्या बंद केल्यानं गेली हे कुणाला कळलंच नाही, त्यांना स्वतःलासुद्धा कितीतरी वर्षांनी एका लेक्चरमध्ये कळलं. एवढं बोलून त्यांनी हात पुसले, पर्स उचलली आणि मला बजावलं की उद्या वेळेवर ये.

पुढं आम्ही सातआठ वर्षं बरोबर काम केलं. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. रिटायर झाल्यावर तीन-चार वर्षांत त्या गेल्या. त्या बाईचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण सिस्टरांनी ते चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. पण ते मला पाठ आहे, आणि बहुतेक आता फक्त मलाच.