आपला राजा आणि तो तथाकथित

साडेसातशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाची बाजू घेऊन रोज सकाळी दात घासायच्या आधी भांडायला उभा राहणारा माणूस सबंध युरोपात एकच असेल, आणि तो दीड वर्ष माझ्या घरी राहिला. नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. मूळचा कराडचा, हॉलंडमध्ये मध्ययुगीन जर्मनीच्या इतिहासात पीएचडी करायला आलेला. कराडच्या माणसाचं जर्मनीच्या राजांशी काय नातं, असं मी एकदा विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. "वहिनी, इथला गोरा मराठ्यांवर पीएचडी करतो तेव्हा त्याला विचारता का असं? त्याला चहा पाजता!" हे खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. पहिल्या टाळेबंदीत तो राहायचा तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात कोणीतरी पॉझिटिव्ह निघालं, आणि हा सायकलला दोन पिशव्या लटकावून "फक्त दोन आठवडे" म्हणून आमच्या हार्लेमच्या घरी आला. तेव्हापासून मी जी चिडले आहे ती अजून पुरती निवलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ते भांडण थोडक्यात सांगते. त्याला सांगायला चार तास लागत. जर्मनीच्या बादशहाचं आणि पोपचं बिनसलं. पोपने बादशहाला पदावरून काढल्याचं जाहीर केलं, आणि काही बिशपांनी व सरदारांनी मिळून आमच्या या हॉलंडचा एक विशीतला काउंट राजा म्हणून निवडला. बादशहाचा मुलगा म्हणाला, राजा मीच, माझी निवड आधीच झालेली आहे. एक देश, दोन राजे. खरा मुकुट मुलाच्या बाजूला. हॉलंडवाल्याने मग आखेन शहराला वेढा घातला, कारण राज्याभिषेक तिथेच व्हायला हवा असा रिवाज होता, आणि शहर पडल्यावर दुसराच कुठला तरी मुकुट डोक्यावर चढवून घेतला. काही वर्षांनी बादशहाचा मुलगा इटलीत गेला आणि परत आलाच नाही. एवढंच. पण आमच्या या गृहस्थाच्या तोंडी हॉलंडवाल्याचा उल्लेख कायम "आपला राजा" असा असे आणि दुसऱ्याचा "तो तथाकथित". दुसऱ्याचं नाव त्याने माझ्या घरात एकदाही उच्चारलं नाही. त्याच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य मी पोळ्या लाटताना, मीटिंगमध्ये असताना, न्हाणीघराच्या दाराबाहेरून, अशा सर्व अवस्थांत ऐकलेलं आहे: "मुकुट कोणाकडे होता ते सोडा वहिनी, जागेवर कोण होतं ते बघा. जो हजर तो राजा!"

आमचं घर साठ चौरस मीटरचं. जेवायचं टेबल एकच. त्याच्या एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं, आणि मधल्या सुपीक प्रदेशात तेरावं शतक. आखेनचा वेढा नीट समजावा म्हणून त्याने माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या पळवल्या. हळद म्हणजे शहर, जिरं म्हणजे कोलोनचा आर्चबिशप, मोहरी म्हणजे वेढा घालणारं सैन्य. दुपारी फोडणीसाठी मी हात घातला की हा दोन्ही हात पसरून आडवा येई. "वहिनी, मोहरी हलवू नका! तीन आठवड्यांनी लागलीय ती पोझिशन!" तीन आठवडे आम्ही मोहरीशिवाय वरण खाल्लं. पुढे त्याला कुठेसं सापडलं की वेढा घालणाऱ्यांनी बांध घालून पाणी तुंबवलं आणि शहरात पूर आणला. बांध कुठल्या बाजूला होता आणि पाणी किती चढलं असेल यावर त्याचा आणि नवऱ्याचा वाद झाला, आणि वाद मिटवायला त्याने पोळपाट उभा धरून टेबलावर तांब्याभर पाणी ओतलं. आखेन बुडालं की नाही मला माहीत नाही, माझा लॅपटॉप बुडाला. मी आर्नहेमच्या ऑफिसातल्या अकरा लोकांसमोर बोलत होते, वाक्याच्या मधोमध स्क्रीन काळी झाली. मी किंचाळले. तो मान डोलावून म्हणाला, "बघा! बांध डावीकडेच असणार!"

बाहेरही तसंच. हार्लेमला शहराचा दर्जा त्याच काउंटने दिलेला, त्यामुळे या गावात आम्ही सगळे आपल्या राजाच्या मेहेरबानीवर राहतो अशी त्याची समजूत होती. शेजारच्या डच आजीबाईंनी सायकल माझ्या खिडकीखाली लावू नका म्हणून सांगितलं, तर याने दीड मीटरचं अंतर काटेकोर राखून त्यांना फुटपाथवर उभ्या उभ्या शहराची सनद समजावली. चाळीस मिनिटं. मी पडद्याआडून बघत होते आणि लाजेने मरत होते. दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी स्वतःहून दार वाजवलं आणि विचारलं, "मग पुढे त्या राजाचं काय झालं?" त्या एकट्या राहायच्या, आठ महिन्यांत त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं. सायकल तिथेच लागत राहिली.

पुढे काय झालं ते त्याने त्यांना त्या हिवाळ्यात सांगितलं, कालवे गोठले तेव्हा. सगळं हार्लेम स्केट बांधून बर्फावर उतरलं होतं, आणि हा काठावर मफलर गुंडाळून लोकांवर ओरडत होता. कारण आपला राजा बर्फानेच मेला. तो तथाकथित इटलीतच मेल्यावर विरोधकांचा जोर ओसरला, बहुतेकांनी आपल्या राजाला मान्य केलं, आता रोमला जाऊन बादशाही मुकुट घ्यायचा एवढंच उरलं, आणि उत्तरेकडच्या फ्रिशियन शेतकऱ्यांशी लढताना गोठलेल्या दलदलीत घोड्यासकट बर्फात रुतला. शेतकऱ्यांनी कोण आहे हे न ओळखताच त्याला मारला. मग कळलं हा राजा. घाबरले आणि एका घरातल्या चुलीखाली पुरून टाकला. पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्याच्या मुलाने तिथे जाऊन, एका म्हाताऱ्याकडून जागा कुठली ते काढून घेऊन, बापाची हाडं उकरली आणि रीतसर पुरली. हा शेवटचा भाग प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होणार होता. ते काही केल्या लिहून होत नव्हतं. "तिथे भांडायला कोणी नाहीये ना," नवरा म्हणायचा.

त्याच वसंतात, भारतात दुसरी लाट आली तेव्हा, कराडला त्याचे वडील गेले. सकाळी ॲडमिट केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी गेले आणि संध्याकाळपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. विमानं असती तरी पोचला नसता. ही बातमी त्याला माझ्याच टेबलावर, जिऱ्याच्या आणि हळदीच्या वाटीच्या मधे ठेवलेल्या फोनवर कळली. तो रडला नाही. संध्याकाळी त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "अग्नी कोणी दिला?"

अग्नी दिला होता त्याच्या चुलतभावाने. दोघे एका वयाचे, एका अंगणात वाढलेले. आई आधीच गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. पीपीई किट घालून, बाकीचे नातेवाईक फाटकाबाहेर थांबलेले असताना, तो एकटा आत गेला होता. आणि या शहाण्याने त्याच्याशी भांडण काढलं! "सख्खा मुलगा जिवंत असताना तुला अधिकार कोणी दिला?" फॅमिली ग्रुपवर लांबच्या लांब मेसेज लिहिले, त्यांत कलमं पाडली. जागा ग्राह्य, अग्नी देणारा हात अग्राह्य. दहाव्याचा पिंडही त्यानेच ठेवला म्हटल्यावर तर यानं ग्रुपच सोडला, फोन घेणं बंद केलं. घरात चुलतभावाचा उल्लेख कसा व्हायला लागला, ते सांगायला नको. जूनमध्ये विमानं सुरू झाली तरी हा जाईना. आधी म्हणाला, इथे राहण्याच्या परमिटचं नूतनीकरण अडकलंय, बाहेर पडलो तर परत घेतील की नाही कोण जाणे. ते कार्ड ऑगस्टमध्ये हातात आलं. मग म्हणाला, "जाऊन करू काय? माझ्या जागी दुसरा बसलाय तिथे." ज्या वडिलांना तो रोज संध्याकाळी फोन करून आपल्या राजाची प्रगती सांगायचा, त्यांच्याबद्दल हे बोलत होता. मला इतका संताप कशाचाच आला नाही, लॅपटॉपचासुद्धा नाही.

सप्टेंबरात चुलतभावाने माझा नंबर कुठून तरी मिळवून फोन केला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. "वहिनी, तो माझा फोन घेत न्हाई. रागावलाय, रागवू दे. त्याला एवढंच सांगा, नानांच्या अस्थी मी सोडल्या न्हाईत. घरात ठेवता येत न्हाईत, म्हणून मळ्यातल्या पंपाच्या खोलीत खुंटीला बांधल्यात. रोज मोटार चालू करायला जातो तेव्हा बघून येतो. सगळे म्हणतात सोडून मोकळा हो, संगम हाकेच्या अंतरावर हाय. पण ते काम त्याच्या हातचं हाय." मग म्हणाला, "पावसात वरनं गळत होतं, पत्रा बदलून घेतलाय."

मी फोन ठेवून बाहेर आले तेव्हा टेबलाशी तो नवऱ्याला सांगत होता की तथाकथिताचा दावा मुळातच कसा पोकळ, हक्काच्या गप्पा मारायच्या आणि राज्य सोडून इटलीत जाऊन बसायचं. मला पुढचं ऐकवलं नाही. मी मोहरीची वाटी उचलली आणि सिंकमध्ये उपडी केली.

"जो हजर तो राजा ना? दीड वर्ष ऐकतेय मी! मग कराडला कोण हजर होतं रे? तू होतास? तो एकटा आत गेला तेव्हा बाकीचा गोतावळा फाटकाबाहेर उभा होता. आणि तू कुठे होतास? इटलीत!"

नवरा उभा राहिला. मी त्यालाही बस म्हटलं.

"अस्थी सोडलेल्या नाहीत त्याने. चार महिने पंपाच्या खोलीत खुंटीला आहेत, रोज जाऊन बघतोय. तुझ्यासाठी पत्रा बदललाय त्याने. आणि तू त्याला इथे बसून अग्राह्य ठरवतोस? लाज वाटू दे जरा."

एवढं बोलल्यावर मला वाटलं, आता हा चार तास बोलणार. त्याने एवढंच विचारलं, "नवा पत्रा?" मी म्हटलं, हो. मग तो माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला, मे महिन्यात रडायचं राहिलं होतं ते सगळं. मी सिंकमधली मोहरी वेचत राहिले, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना.

आठवड्याने तो गेला. स्खिपोल विमानतळावर जाताना त्याच दोन पिशव्या. संगमावर दोघं भाऊ गुडघाभर पाण्यात उभे आहेत असा फोटो त्याने नवऱ्याला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. परत आला तो विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहिला, आणि वर्षभराने प्रबंध छापून पोस्टाने आमच्याकडे पाठवला. मी बाईमाणूस, इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही, पण या ग्रंथाला माझं टेबल, माझा लॅपटॉप आणि माझी मोहरी लागलेली, म्हणून मी हट्टाने पान न् पान चाळलं. तथाकथितला इंग्रजीत जो शब्द आहे तो शोधत होते. कच्च्या खर्ड्यात तो पानागणिक दोनदा असे. छापलेल्या पुस्तकात तो एकदाही नाही. दुसऱ्या राजाला सगळीकडे त्याच्या नावाने, सरळ, राजा म्हटलेलं आहे. पहिल्यांदा मला रागच आला. हे जर असंच करायचं होतं, तर दीड वर्ष माझं डोकं का खाल्लंस?

मग शेवटचं प्रकरण वाचलं, ते चुलीचं. मुलाने हाडं कशी शोधली याला त्याने दोनच पानं दिली आहेत. बाकी सगळं त्या घरातल्या माणसांबद्दल आहे, ज्यांनी इतकी वर्षं त्या चुलीवर स्वयंपाक केला. ती माणसं शत्रू असतील, त्याने लिहिलंय, पण मुलगा येईपर्यंत हाडं त्यांनी जागची हलू दिली नाहीत.

शेजारच्या आजीबाई अधूनमधून विचारतात, राजाचा माणूस परत कधी येणार म्हणून. मी म्हणते, येईल. टेबल आता सगळं माझं आहे. मोहरीची वाटी मी हवी तेव्हा, हवी तिकडे हलवते, कोणी आडवं येत नाही, कोणी ओरडत नाही. याचाही मला रागच येतो.