बाटल्या तपासणारी बाई

मी वैशाखऱ्याहून मुरबाडच्या शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती बारा वर्षं तडा गेलेल्या बाटल्या निवडून बाजूला काढत होती. सवयच लागली होती तिला. माझा चष्मासुद्धा ती खिडकीच्या उजेडात फिरवून बघायची आणि पदराने पुसून परत द्यायची.

एकदा म्हणाली, "आता आमचं काम कॅमेरा करनार. खराब बाटली कशी वळखायची, ते मीच त्याला शिकवते."

"तो शिकला की तुम्हाला काढून टाकतील. मग थोडं चुकीचं शिकवा की," मी म्हटलं.

ती म्हणाली, "नाय ओ बाई. औषध भरतात त्यात. कुनाचं तरी पोर पितं ते."

महिन्याभराने, एका शनिवारी, तिने आपणहून सांगितलं, "काल एक बाटली माज्या नजरेतनं सुटली. कॅमेऱ्यानं बरोबर धरली."

मुलगा पहिला आल्याचं सांगावं, तसा तिचा आवाज होता.

सोमवारी तिची जागा रिकामी होती. कारखान्याने तिला कामावरून कमी केलं होतं.